डेटा स्वस्त आहे म्हणे

बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. धाकट्या भावाच्या मुलीनं कॉलेजचा एक विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर घेतला आणि ती मागे पडली. त्यावर दादा म्हणतो, "नेट चालत नाही ही हल्लीची कारणं. डेटा चहापेक्षा स्वस्त झालाय. आम्ही सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या फरशीवर उभं राहून पुस्तकं धुंडाळली."

इथे श्टुटगार्टमध्ये माझा चहा गार झाला. 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, कबूल. पण फोन? पोरीचा फुटलाय, म्हणून ती बापाचा वापरते. बाप साडेदहाला मंगळ बाजारात दुकान उघडतो, फोन त्याच्याबरोबर जातो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसावं, तर ओटीपी दुकानात वाजतो. रात्री दहानंतर फोन मिळाला की तो पोह्यांच्या डब्याला टेकवून, चार्जर लावून स्वयंपाकघरात बसायचं. वाड्याच्या भिंती दोन हात जाड, आत सिग्नलची एक दांडी. लाईव्ह तास असला तर अगाशीवर, टाकीच्या सावलीत. तीन पानांची असाइनमेंट अंगठ्यांनी टाइप करून बघावी दादानं एकदा!

2021 च्या नियमानं एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. चांगलंच आहे. पण ज्या सयाजीरावांचं नाव दादा उठताबसता घेतो, त्यांनी नुसतं ‘लायब्ररी काढलीय, या’ असं म्हटलं नव्हतं. पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली होती. आणि सक्तीचं शिक्षण 1906 मध्ये राज्यभर लागू केलं, ते मोफत ठेवून.

इथे माझ्या मुलीला 2020 च्या उन्हाळी सत्रात विद्यापीठानं लॅपटॉप वापरायला दिला, हे मी ग्रुपवर ठासून लिहिलं. तिला स्वतःची खोली होती, हे लिहिलं नाही. एस-बान, म्हणजे इथली लोकल, बोगद्यात शिरली की माझ्या मीटिंगा तुटतात, हेही नाही. दादानं ते बरोबर काढलं: "मग तुझ्या जर्मनीत काय दिवे लागलेत?"

त्याला उत्तर देता आलं नाही. कारण मागच्या दिवाळीत बडोद्याला गेलो, तेव्हा चौथ्याच दिवशी मी बॅग उचलून अलकापुरीतल्या हॉटेलात राहायला गेलो होतो. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे, इथे नेट पुरत नाही. खरं तर नेटपेक्षा बाथरूम आणि माणसांचा गलका नको झाला होता. जिथे मी वाढलो त्याच घरात. तेव्हा ‘कारणं’ हा शब्द कुणी काढला नाही. दादा स्वतः स्कूटरवर बॅग घेऊन सोडायला आला आणि संध्याकाळी वहिनींनी हॉटेलवर डबा पाठवला. तो घेऊन पुतणीच आली होती. रिसेप्शनवर पाच मिनिटं थांबली, वायफायचा पासवर्ड मागितला आणि तिथेच सोफ्यावर बसून तिनं काहीतरी अपलोड केलं.