खुलासा: फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हला साधा प्रॉडक्ट रूल लागत नाही
सध्या फिरतंय की फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हलाही, म्हणजे एकदा-दोनदा नाही तर समजा अर्ध्या वेळा (अर्ध्या ऑर्डरचं) घेतलेल्या डेरिव्हेटिव्हलाही, नेहमीचा प्रॉडक्ट रूल (गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम) चालतो, म्हणजे एफच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह = २ × एफ × एफचं डेरिव्हेटिव्ह. चूक आहे हे! शून्यापासून अर्ध्या ऑर्डरचं कापुटो डेरिव्हेटिव्ह (फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हची एक व्याख्या) घ्या, एफ = एक्स ठेवा, डावीकडे ८/(३√π) आणि उजवीकडे ४/√π येतं (दोन्हीला एक्सचा दीड घात गुणून), मग बरोबरीचं चिन्ह आलं कुठून? ऑर्डर ० ते १ च्या मध्ये असेल तर खरं आहे ते फक्त डावी बाजू ≤ उजवी बाजू, आणि स्टॅबिलिटीच्या प्रूफमध्ये (सिस्टिम स्थिर राहते हे सिद्ध करताना) तेवढंच पुरतं, फार कामाची इनइक्वॅलिटी आहे ती. इंटिग्रेशन बाय पार्ट्सचंही तसंच, इंटरव्हलच्या डाव्या टोकापासून घेतलेलं डेरिव्हेटिव्ह दुसऱ्या फंक्शनवर जाताना उजव्या टोकापासून घ्यावं लागतं, प्लीज हे न बघता फॉरवर्ड करू नका.