मीठपाण्याचा तो मेसेज चुकीचा आहे
कालपासून आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरतंय की कोणी जास्त गोळ्या खाल्ल्या तर मीठपाणी पाजून उलटी काढा, झोपू द्या, सकाळी ठीक असेल तर हॉस्पिटलची गरज नाही. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे म्हणून सांगते, असं करू नका. गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाऊ शकते, आणि जास्त मिठाने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात ते वेगळंच.

आणि ते 'सकाळी ठीक' तर सगळ्यात फसवं. साध्या तापाच्या पॅरासिटामॉलचंच उदाहरण बघा, ओव्हरडोस झाला तरी पहिले 24 तास माणूस चहा-बिस्किट खात बसलेला असतो, फार तर थोडं मळमळतं, पण आत लिव्हर खराब होत असतं, डोळे पिवळे दिसायला दोन-तीन दिवस जातात. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन म्हणून औषध आहे, 8 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, उशीर झाला तरी देतात, म्हणून हॉस्पिटलला याच.

108 ला फोन करा नाहीतर केईएम, सायन, नायर जे हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा. रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा (आम्ही त्यावरूनच हिशोब लावतो), किती वाजता घेतल्या ते सांगा. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

तो मेसेज डिलीट करा प्लीज, आणि ज्यांना ऑलरेडी फॉरवर्ड केलाय त्यांना हा पाठवा.