‘चकाचक केली की दुप्पट भाव’ हे खरं नाही

‘जुनी प्रीमियर पद्मिनी स्वस्तात उचला, रंगवून नव्यासारखी करा, दुप्पट भावाने विका,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीवर माझा जीव आहे, म्हणून त्यातला एकेक दावा तपासतो.

‘रंग नवा की भाव वर.’ भाव ठरतो रंगाखालच्या पत्र्यावर. जाणकार गिऱ्हाईक रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर, चाकांवरच्या कमानींवर फिरवतं. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. मग दाराचं रबर बघायचं. त्यावर रंगाचा फवारा दिसला, तर काचा-रबरं न काढताच काम उरकलंय. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा सोडून वरून पुट्टी थापली, की आत गंज वाढतच राहतो आणि पावसाळ्यानंतर फोड येतात. हे काम पुन्हा आपल्याच गळ्यात पडणार, हे ओळखून गिऱ्हाईक तेवढे पैसे आधीच कापतं.

‘जुनं सगळं बदला.’ अजिबात नको. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात, शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून राहिलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट 1.6 कोटी युरोंच्या वर गेली. पद्मिनीला तसा भाव येणार नाही हे उघड आहे, पण मूळ रंग आणि मूळ सीट शाबूत असतील तर पारखी माणूस त्याचेच जास्त पैसे देतो.

‘इंजिन कुठलंही चालतं.’ रोजच्या वापराला चालेल. पण 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. 1089 सीसीचं मूळ इंजिन भंगारात घालून डिझेल बसवलं, की हा रस्ताच अवघड होतो.

‘खर्च हमखास वसूल.’ सर्वांत घातक दावा हाच. गाडी स्वस्त आहे म्हणून पत्रेवाला मजुरी कमी घेत नाही. नीट केलेल्या कामाचं बिल पद्मिनीच्या विक्रीभावाला सहज मागे टाकू शकतं. त्यामुळे नफ्यासाठी यात पडू नका. हौसेने करणार असाल, तर रंग देण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो काढा आणि सगळी बिलं जपून ठेवा. आणि तयार गाडी घेणार असाल, तर विकणाऱ्याकडे आधी तेच फोटो मागा.