आजी, उजेड अडतोय

परदेशात राहून मूल वाढवणाऱ्या आणि वर्षाकाठी एकदा ते कोकणात नेऊन आणणाऱ्या समस्त आईबापांना पहिली सूचना: एक वेळ मूल विमानतळावर विसरलात तरी चालेल, पॉवर बँक विसरू नका. मूल काय, गावात कुठेही मिळतं. खळ्यात उभं राहून एकाला हाक मारलीत तर सहा धावत येतात, आणि समुद्राकडे तोंड करून पाठमोरं उभं केलं की फोटोत कोण कुणाचं ते ओळखू येत नाही. वीज मात्र नेमकी तुम्ही चार्जर लावलात की जाते.

हे मी अधिकाराने सांगतो. टोकियोच्या पूर्वेला निशिकसाई म्हणून भाग आहे. तिथे आपली माणसं एवढी झालीत की तूरडाळीसाठी वणवण करावी लागत नाही. तिथे मी ९ वर्षं राहतो. मुलगा ६ वर्षांचा आहे. त्याचे माझ्याकडे ११,४०० फोटो आहेत. दिवसाला पाच पडतात. त्यातले पुन्हा उघडून किती पाहिले, असलं विचारणं आम्हा लोकांत असभ्य समजतात.

आता मुहूर्त. जपानात शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे आपण लहानपणी भोगली तशी अख्ख्या मे महिन्याची सुट्टी विसरा. २९ एप्रिलची एक आणि ३, ४, ५ मेच्या तीन अशा चार सरकारी सुट्ट्या जवळजवळ येतात, त्यांना रजेची ठिगळं जोडून आठवडा उभा करायचा. हापूस तेव्हा ऐन भरात असतो, एवढी एक गोष्ट जपान सरकारने आपल्यासाठी केली आहे. मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर, म्हणजे गावी धुवाधार पावसात. चतुर्थी लवकर आली तरच त्या सुट्टीचा उपयोग. गेल्या वर्षी, २०२५ला, ती २७ ऑगस्टला आली आणि आम्ही गाठली. यंदा १४ सप्टेंबरला आहे, तोवर शाळा सुरू झालेली असेल. बाप्पाला जपानी कॅलेंडर पाठवून पाहायला हवं.

प्रवासातच कामाला लागा. कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा आणि त्यावर बोगदे नव्वदच्या वर. पोराला खिडकीशी बसवून ‘बाहेर बघतोय’ असा फोटो घ्यायचा, की बोगदा लागलाच म्हणून समजा. काचेत तुम्ही, तुमचा फोन आणि वरच्या बर्थवरच्या काकांचा पाय. एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तेवढ्यात माझे अठरा फोटो निघाले. सगळे जपून ठेवलेत.

घरी पोचल्यावर पहिली अडचण घड्याळाची. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. तिथे सहाला उठणारं पोर गावात अडीचला टक्क जागं होतं. फोटोच्या दृष्टीने या वेळेला काडीची किंमत नाही. मिट्ट काळोख. पडवीतल्या बाकड्यावर त्याला मांडीवर घेऊन नुसतं बसून राहावं लागतं. समुद्राची गाज ऐकू येते, ती काही फोटोत येत नाही. पोर विचारतं, “बाबा, ही कुठली ट्रेन?” तुम्ही म्हणता, ट्रेन नाही रे, समुद्र. ते म्हणतं, “तो झोपत नाही?” मग आत खुडबूड होते. आजी उठते, कुणी न सांगता चुलीवर पेजेचं ठेवते आणि दारात येऊन बसते. नातू तिला अर्ध्या मराठीत, अर्ध्या जपानीत काहीतरी सांगत राहतो, ती मालवणीत उत्तरं देते, आणि कुणाचंच कुठे अडत नाही. असे दोन-दोन तास रोज फुकट जातात. एकदा मी फ्लॅश मारून पाहिला: भिंतीवर दोन काळ्या सावल्या आणि आजीचे मिटलेले डोळे. उडवून टाकला. माझा सल्ला असा की, उजाडेपर्यंत पोराला अंथरुणात दामटून झोपवावं. निदान सकाळच्या उन्हात चेहरा ताजा दिसतो.

उन्हाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कोकणातल्या घरांत उजेडाचे सगळे मोक्याचे कोपरे म्हाताऱ्या माणसांनी अडवलेले असतात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आत उजेड यायचा तो दारातून, आणि दारात आई विळी घेऊन फणस सोलत बसलेली. तिथेच तो सुंदर तिरपा कवडसा. मी तिला नम्रपणे म्हणालो, “आजी, जरा बाजूला हो, उजेड अडतोय.” (पोर झाल्यापासून आपण आपल्या आईला आजी म्हणू लागतो, हे एक आहेच.) तिने फणस उचलला, विळी उचलली, तेलाची वाटी उचलली आणि मागल्या दारी गेली. नातू तिच्या पाठोपाठ गेला. कवडसा उत्तम आला आहे. त्यात कुणी नाही.

आंबे उतरवताना पोराला पांढरा सदरा घाला. हिरव्या झाडाखाली पांढरा उठून दिसतो. झेल्यातला, म्हणजे काठीच्या टोकाच्या जाळीतला, आंबा त्याच्या हातात द्या आणि “वर बघ, हस” म्हणा. नुकत्या तोडलेल्या देठातून चीक उडतो, तो कातडीला लागला तर भाजल्यासारखं होतं, कपड्यावरचा डाग जन्मात निघत नाही. पण चीक फोटोत दिसत नाही. आमच्या पोराच्या हनुवटीवर चट्टा उठला तेव्हा आजी काय बोलली ते इथे छापता येण्यासारखं नाही. तिच्या एकूण तत्त्वज्ञानाचं सार असं: “आदी जेवान घेवा, मगे काय ते फोटो.” तुम्ही मात्र जेवण आधी शूट करा. सोलकढी निवत नाही, बांगडा निवतो, एवढं लक्षात ठेवून क्रम लावा.

संध्याकाळी किनारा. आपला समुद्र पश्चिमेला, सूर्य बुडतो तो पाण्यात, आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. त्यामुळे मागे शेंदरी आभाळ आणि पुढे पाच कोळशाचे पुतळे. जपानात घेतलेल्या महागड्या कॅमेऱ्यानेही पुतळेच येतात, फक्त जास्त रेखीव. तो कॅमेरा एसी गाडीतून एकदम खाऱ्या, दमट हवेत काढलात की भिंगावर बाष्प धरतं. दहा मिनिटं थांबावं लागतं, तेवढ्यात सूर्य गेलेला असतो.

नशिबाने रापण लागलेली असली तर सोडू नका. होडीने जाळं अर्धगोल सोडून आणलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत असतात. पोराला दोराला लावा. मी लावलं. ओढणाऱ्यांनी त्याला मधे जागा करून दिली, पुढच्या म्हाताऱ्याने पाय कसा रोवायचा ते दाखवलं. तीन मिनिटांत मला हवे ते चाळीस फोटो मिळाले आणि मी त्याला बाहेर काढलं, कारण कपडे ओले होत होते. जाळं यायला अजून तासभर तरी होता. तो रडला. “अजून आलं नाही ना बाबा,” म्हणत राहिला. काय यायचं होतं ते मी त्याला गाडीत बसल्यावर जुन्या फोटोत दाखवलं. दोराला हात लावणाऱ्याला चार मासळ्यांचा वाटा मिळतो म्हणून त्या म्हाताऱ्याने रात्री घरी पाच बांगडे पाठवले. त्यांचाही फोटो आहे.

आता चतुर्थी. या प्रकरणात माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. जपानात विकल्या जाणाऱ्या फोनचा कॅमेरा आवाज केल्याशिवाय फोटो काढत नाही. चोरून कुणी कुणाचे फोटो काढू नयेत म्हणून तिथल्या कंपन्यांनी ती सोय केलेली आहे, आणि माझ्या जुन्या फोनचा तो आवाज सिंधुदुर्गात येऊनही बंद होत नाही. आरतीच्या झांजांत तो खपून जातो. पण आरतीनंतर गाऱ्हाणं असतं. घर शांत. काका हात जोडून देवापुढे उभे. “बा देवा गणपती म्हाराजा...” त्यांचं एक वाक्य संपलं की सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. तर वाक्य, मग माझा खटॅक, मग व्हय म्हाराजा, अशी चाल बसली. चौथ्या खटॅकला काकांनी एक डोळा उघडला.

त्याच वेळी फोनवर आलं की जागा संपली. मी मान खाली घालून बोगद्यांचे फोटो उडवावेत की नाही या विचारात पडलो. आणि काका म्हणाले, “ह्या घरातली पोरां-बाळां खय खय दूरदेशाक गेली हत, त्यांका सांभाळून घे रे म्हाराजा,” तेव्हा सगळ्यांच्या “व्हय म्हाराजा”त एक बारीक, खणखणीत आवाज आला: “हाय!”

जपानीत ‘हाय’ म्हणजे होय. पोरगं शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा म्हणतं तसं कंबरेत वाकून म्हणालं. माझी बहीण सांगते, काकांचा आवाज पुढे दोन वाक्यं नीट लागलाच नाही. सांगते म्हणजे, मी पाहिलं नाही. मी बोगदा क्रमांक बारावर होतो.

पण हार मानू नका. जागा मोकळी केल्यावर मी काकांना विचारलं, शेवटच्या दोन ओळी परत घेता येतील का, पोराला पुढे उभं करतो. काका म्हणाले, “देव काय दशावतारातलो संकासुर आसा, शिट्टी मारलंस की परत येतलो?” पोराला वेगळं उभं करून “म्हण हाय” म्हणून पाहिलं. ते म्हणालं. खोलीत त्या वेळी मी, तो आणि मूषक. फोटो बरा आहे.

आमच्या माजघरात एकच फोटो लावलेला आहे, १९८४चा. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतला. मी चार वर्षांचा, मागे रंगवलेला बाग, पायांत चुलतभावाचे बूट. बूट मोठे म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. फोटोवाला काळ्या फडक्यातून “पोपट बघ, पोपट” म्हणत होता, पोपट निघाला नाही म्हणून मी ओठ काढले, आणि नेमकं तेच आलं. परतीच्या एसटीत बूट हरवला एक. त्याबद्दल काकू वर्षभर बोलत नव्हती. हे मला यातलं काही आठवत नाही. आई येईल त्याला सांगते, म्हणून माहीत. एका फोटोवर माणूस अर्धा तास बोलते. माझ्या ११,४०० फोटोंवर बोलायला बसलं तर... असो, वेळ कुणाला आहे.

तिची गेली चार वर्षं एकच मागणी आहे: नातवाचा एक फोटो कागदावर काढून आण. मी दर वर्षी निवडायला बसतो. दोनशेवर येऊन थांबतो. किमोनोतला पाठवायचा ठरला होता. तिथे पाच वर्षांच्या मुलांना नोव्हेंबरात किमोनो घालून देवळात नेतात, स्टुडिओत फोटो काढतात. तो मोबाइलवर दाखवला तर म्हणाली, “बरो आसा. कोणाचो झील?”

या मे महिन्यात गेलो तर माझ्या फोटोच्या चौकटीत, काचेच्या कोपऱ्यात, एक चौकोनी तुकडा खोचलेला दिसला. पहिल्या पासपोर्टच्या वेळचा. दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरी चादर, दोन्ही कान दिसतायत, तोंड बंद, हसायचं नाही. चाळीस दिवसांचं पोर, टक लावून बघतंय. सहा प्रती मिळाल्या होत्या, दोन अर्जाला लागल्या, उरलेल्या कधीतरी बॅगेच्या कप्प्यात राहून गावी आल्या असणार. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो कधीच संपला.

शेजारची काकू आली तेव्हा आई तिला सांगत होती की, हा काढताना बापाने चादर धरली होती आणि पोराची आई गुडघ्यांवर बसून खुळखुळा वाजवत होती, आणि पोर काही डोळे उघडेना. मी हे तिला कधी फोनवर सांगितलं असेन. मी दारात उभा होतो. ती हात वर करून म्हणाली, “बाजूक हो रे जरा, उजेड अडता.”