साडेसात मिलिमीटरची साडेसाती

शनीची साडेसाती कधी लागणार हे ज्योतिषी आधी सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. आमची साडेसाती साडेसात मिलिमीटरची असते. ती आम्ही स्वतःच रीमर, म्हणजे भोक आतून कातून वाढवणारं हत्यार, मागवून लावून घेतो आणि पैसे रीमरवाल्याला देतो.

आम्ही म्हणजे अमेरिकेत काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या सिंगल-शॉट रायफली बाळगणारी हौशी मंडळी. दारू या शब्दावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे तो वारंवार येणार आहे. १८७४ मॉडेलची शार्प्स, रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक, विंचेस्टरची १८८५ हाय वॉल ही आमची दैवतं. मूळ मूर्ती कपाटात असते, रेंजवर बहुधा इटलीत घडवलेली उत्सवमूर्ती जाते. (भारतात हे वाचून कोणाचे हात शिवशिवत असतील तर आवरा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदुकीची साधी दुरुस्तीसुद्धा बसत नाही.)

या रायफलींचं नेहमीचं काडतूस म्हणजे ४५-७०. अमेरिकी लष्करानं ते १८७३ मध्ये घेतलं. ४५ म्हणजे इंचाचे शतांश, नळीचा व्यास. ७० म्हणजे दारूचं ग्रेनमधलं वजन. पुंगळीची, म्हणजे दारू भरायच्या पितळी कवचाची, लांबी २.१०५ इंच. काम उत्तम चालू असतं, आणि मग कोणीतरी शेजारच्या बाकावर ४५-९० घेऊन बसतो. त्याची पुंगळी २.४ इंच. बूड तेच, कड तीच, गोळीही तीच. फरक फक्त ०.२९५ इंचाचा, म्हणजे साडेसात मिलिमीटर. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा नव्वद म्हणजे बरोबर अर्धा तोळा दारू. अर्ध्या तोळ्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

मोह पडायला कारण असं की हे काम कागदावर फार सोपं दिसतं. नवी नळी नको, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉकही नवा नको. आहे ते चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, पुढच्या बाजूनं साडेसात मिलिमीटर वाढवलं की झालं. घरात माळा काढण्याइतकंच काम. ज्यांनी माळा काढून घेतला आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

पहिली पायरी म्हणजे आत्ताचं चेंबर कसं आहे ते पाहणं, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. नळीत पुढे कापडाचा बोळा कोंबून चेंबरमध्ये सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ओततात. तो नव्वद अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवूनही काम होतं. ते भांडं मात्र चहाचं नसावं, कारण या धातूत शिसं आणि कॅडमियम दोन्ही असतात. थंड होताना तो आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि ओतल्यापासून तासाभरानं चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. त्या तासात कॅलिपर हाती घेतलेल्या माणसाला वाट पाहायला लावणं ही खरी शिक्षा. जुनं चेंबर मुळातच ढिलं किंवा तिरकं कापलेलं असेल तर ते इथे कळतं. तसं असेल तर तिथेच थांबावं. नाहीतर जिथे जुनं संपतं आणि नवं सुरू होतं तिथे पायरी राहते, आणि प्रत्येक पुंगळी कमरेला करदोटा बांधल्यासारखी बाहेर येते.

रीमर विकत घेण्यापेक्षा भाड्यानं आणावा. आयुष्यात एकदाच लागणारी वस्तू आहे, मुंडावळ्यांसारखी. त्याच्या टोकाला पायलट असतो, म्हणजे नळीत पुढे सरकून पात्याला सरळ ठेवणारा गुळगुळीत गोल तुकडा. तो नळीत न अडकता पण न खडखडता सरकला पाहिजे. सैल पायलट लावला तर चेंबर नळीच्या मध्याशी फटकून वागतं. ब्लॉक काढून ठेवायचा, रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर काढायचा, रीमरला लांब दांडा जोडायचा आणि मागून हातानंच फिरवायचा. नळी उघडायच्या फंदात पडू नये. अष्टकोनी नळी परत बसवताना कोन जुळला नाही तर नेम धरायची समोरची माशी एका कुशीवर झोपते.

आता नियम. भरपूर कटिंग ऑइल. दोन-तीन फेरे की रीमर बाहेर, कीस पुसायचा, नळीतलाही काढायचा, पुन्हा तेल. फिरवायचं ते फक्त घड्याळाच्या दिशेनं, बाहेर ओढतानाही. उलटा फिरवला की पात्याची धार जाते आणि मध्ये सापडलेला कीस भिंतीवर ओरखडे काढतो. हात थरथरला, दाब कमीजास्त झाला, तर चेंबरच्या आत लाटा उठतात. त्या दिसल्या की रीमरभोवती मेणकागद गुंडाळून अगदी हलके फेरे द्यावेत, बहुतेक वेळा लाटा मोडतात. तरीही नाही मोडल्या तर रीमर खाली ठेवून ओळखीच्या गनस्मिथकडे जावं आणि तो जे बोलेल ते मान खाली घालून ऐकावं.

शेवटचा टप्पा सगळ्यात घातकी. हे काडतूस चेंबरमध्ये आपल्या कडेवर टेकतं, आणि त्या कडेसाठी मागे ०.०७० इंच खोलीची खाच आधीच कापलेली असते. रीमरची मागची पायरी त्या खाचेला टेकली की काम संपलं. पण हाताला सवय लागलेली असते. "अजून एक फेरा, शेवटचा," असं मन म्हणतं, आणि तो एक फेरा कडेची खाच खोल करून ठेवतो. मग काडतूस पुढेमागे हलतं, पिनचा ठोका अर्धवट बसतो, कधी उडतं, कधी नाही. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. उपाय एकच, नळी मागून तासून पुन्हा आटे पाडणं, आणि मग माशीचं ते कुशीवर झोपणं आलंच. म्हणून शेवटच्या मिलिमीटरला दर फेऱ्यानंतर गेज घालून पाहावं.

इथवर आलेला माणूस समजतो की संपलं. साधूनं लंगोटी उंदरापासून वाचवायला मांजर पाळलं, मांजरासाठी गाय आणली, ती गोष्ट इथे सुरू होते.

पुंगळ्या नव्या. काडतूस भरताना पुंगळीला आकार देणाऱ्या डाय नव्या. काडतुसांचे डबे नवे, कारण जुन्यांचं झाकण लागत नाही. काळ्या दारूत आणि गोळीत हवेची फट चालत नाही. फट राहिली तर नळी वळ्यासारखी फुगू शकते. म्हणून दारू दोन-अडीच फूट लांब नळकांड्यातून सावकाश सोडायची, म्हणजे ती दाटून बसते. वर चकती, मग डायनं दाबायचं, मग गोळी. एवढं करून आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत पूर्ण नव्वद ग्रेन क्वचितच मावतात. अर्धा तोळा म्हणून घेतलेला डाग वजनाला कमी भरतो. आणि जागा उरली म्हणून त्यात धूरविरहित दारू घालायचा विचारही करू नये. त्या रायफलीला तो दाब पेलणार नाही आणि जवळ उभ्या माणसालाही नाही.

जुनी ४५-७० ची काडतुसं या चेंबरमध्ये बसतात आणि उडतातही. पण गोळीला आधी साडेसात मिलिमीटरची मोकळी जागा ओलांडावी लागते. तिथे शिशाचं आणि काजळीचं कडं साचतं. नेमही बिघडतो, आणि मग लांब काडतूस त्या कड्याला अडून आत जात नाही.

दारू वाढली की काजळी वाढते. कोरड्या हवेत ती नळीत कडक पापुद्रा धरते. त्यावर उपाय म्हणजे दर गोळीनंतर मागून प्लास्टिकची नळी लावून तीन-चार दमट श्वास आत सोडायचे. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आजी आठवते. फरक एवढाच की आजी जाळ लावायला फुंकायची. रात्री घरी नळीला पाणी, पुंगळ्यांना साबणाचं पाणी, नाहीतर सकाळपर्यंत हिरवा थर आणि सडक्या अंड्याचा वास. लांब पुंगळीच्या तळाशी जुना ब्रश पोचत नाही. चिंचेचा कोळ पोचतो. माझ्या मते पितळेसाठी त्याहून चांगलं काही नाही, फक्त नंतर चांगलं धुवावं. एरवी पितळ उघडं पडू नये म्हणून धडपडतात, इथे ते उघडं पडलं की समाधान वाटतं.

या सगळ्याच्या मोबदल्यात गोळीचा वेग सेकंदाला शंभरेक फूट वाढतो. हजार यार्डांवर त्याचा उपयोग आहे, हे मान्य. सिल्हूट म्हणजे प्राण्यांचे पोलादी आकार पाडायच्या स्पर्धेतला मेंढा मात्र ५०० मीटरवर उभा असतो आणि ४५-७० नंही तितकाच आडवा होतो. खांद्याला तो शंभर फुटांचा फरक लगेच कळतो. रायफल जड करून धक्का जिरवावा म्हटलं, तर त्या स्पर्धेत वजनाला १२ पौंड २ औंसांची मर्यादा आहे.

उरतो तो नळीवरचा ठसा. ब्रिटनमध्ये असं चेंबर वाढवलं की रायफल पुन्हा प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे बंदुकांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेत, तपासून घेतल्याशिवाय विकता येत नाही. अमेरिकेत ते बंधन नाही, पण ठसा बदलायलाच हवा, नाहीतर पुढचा मालक नळीवरचं वाचून भलतीच काडतुसं आणेल. सातावरच पंच ठोकून नऊ करायला जाऊ नये, त्यातून वाचता न येणारा तिसराच आकडा निघतो. जुन्यावर सरळ रेघ, शेजारी ४५, ९० आणि २.४. आधी तेच आकडे भंगार लोखंडावर चार वेळा ठोकून पाहा. चेंबर वाकडं कापलं तर तुम्हालाच कळतं, आकडा वाकडा पडला तर अख्ख्या रेंजला.