भूत चालेल, मांत्रिक नको

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की भारतातल्या आमच्या मित्रमंडळींत तोच वाद पेटतो: भूतकथा छापाव्यात का? एक गट म्हणतो, ज्या राज्यात दाभोलकरांचा खून झाला तिथे हडळ-मुंजाच्या गोष्टी विकणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. दुसरा म्हणतो, गोष्ट आहे, गोष्टीसारखी वाचा. इंग्लंडात बसून मी दोन्ही ऐकतो आणि मला दोघांचाही नेम चुकलेला वाटतो.

इथे भुतांना तोटा नाही. यॉर्कमध्ये संध्याकाळी उंच काळी टोपी घातलेला माणूस पैसे घेऊन बोळाबोळांतून भुतं दाखवत हिंडतो. नाताळात भूतकथा ऐकणं ही तर जुनी रीत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख एम. आर. जेम्स स्वतःच्या कथा मित्रांना वाचून दाखवत. इंग्रज फार शहाणा, असं मात्र नाही. मृतात्म्यांशी बोलणाऱ्या हेलन डंकन या बाईला 1944 साली, ऐन महायुद्धात, इथल्या कोर्टाने 1735 च्या चेटूक कायद्याखाली तुरुंगात धाडलं होतं. तो कायदा 1951 मध्ये गेला. 2008 पासून हा सगळा मामला ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बसवलाय, त्यामुळे आत्मे बोलावणारे बरेच जण ‘केवळ मनोरंजनासाठी’ अशी पाटी लावून मोकळे होतात.

फरक मला दिसतो तो भूत उतरवणाऱ्यात. जेम्सच्या बहुतेक कथांत नको ते उकरणारा विद्वान सापडतो आणि त्याला सोडवायला कुणी जाणकार धावत येत नाही. आपल्याकडे येतो. नारायण धारपांच्या भयकथांतल्या, भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या समर्थांनी मला कॉलेजात वेड लावलं होतं, अजूनही ते आवडतात. पण अशी कथा वाचून उठताना भुतापेक्षा जास्त काय उरतं, तर याला उपाय आहे आणि तो अमुक माणसाकडे आहे, हा भरवसा.

तो आमच्याही घरात शिरला होता. एका वहिनीला बाळंतपणानंतर झोप येईना, बाळाकडे बघवेना. बाहेरचं लागलंय म्हणून देवऋषी बोलावला. लिंबू झालं, अंगारा झाला, मग बंद खोलीत मिरच्यांची धुरी. खोकून खोकून तिचे डोळे सुजले. दाराबाहेर बसलेली माणसं सगळी पदवीधर. डॉक्टरकडे ती फार उशिरा पोचली. दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्येच आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत हे आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. भूतकथा लिहिणं त्यात कुठेच नाही.

आणि हडळ तरी कोण? बाळंतपणात मेलेली बाई. घरोघरी बाळंतिणी दगावायच्या त्या काळाची भीती तिच्या उलट्या पावलांत आहे. मांत्रिकाला कथेतून हाकललं तर लेखकाला तिच्याशीच बोलावं लागेल: सुईण कुणी बोलावली नाही, दार कुणी लावून घेतलं?

कथांवर बंदी-बिंदी मला नकोच. खटकतं ते यूट्यूबवरच्या भयकथांवरचं ‘सत्य घटनेवर आधारित’. इथल्या धंदेवाल्याला निदान मनोरंजनाची पाटी लावावीशी वाटते, आपला कथेकरी नेमकी उलटी लावतो. मग खाली कुणीतरी काकुळतीने विचारतं, त्या बाबांचा नंबर मिळेल का.