चुना खरवडू नका, फादर

जुन्या गोव्यात बॉम जीझससमोर उभं राहून "काय जुनी भिंत आहे!" म्हणणारे पर्यटक हमखास भेटतात. त्यांचा काय दोष? पण ती लालसर, उघडीवाघडी भिंत तशी मुद्दाम केलेली आहे. १६०५ साली पूर्ण झालेलं हे चर्च जवळजवळ साडेतीनशे वर्षं चुन्याच्या गिलाव्यात होतं. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्टाझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली गिलावा उतरवला गेला आणि आतला जांभा उघड्यावर आला. दर्शनी भागातल्या कोरीव कामाचा काळा दगड वसईहून आणलेला, त्याला पाऊस फारसं काही करत नाही. जांभा मात्र पाणी पितो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगर्ज्या, म्हणजे इथली चर्च, चुन्याने पांढऱ्या आहेत त्या शोभेसाठी नव्हे!

बॉम जीझसकडे निदान पुरातत्त्व खात्याचं लक्ष आहे, १९८६पासून जागतिक वारसा यादीत नाव आहे. मला काळजी आहे ती गावोगावच्या पॅरिश चर्चची. तिथं ठरवणार फादर आणि फाब्रिक (चर्चचा कारभार पाहणारी समिती), पैसा आखातातला नाहीतर बोटीवरच्या पोरांचा, आणि काम फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाआधी, उरकायचं. कंत्राटदार म्हणतो, चुन्याचे गवंडी कुठे मिळतात आता, सिमेंट मारू. (चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, हेही खरंच.) सुरुवातीला भिंत झकास दिसते. मग दगडात शिरलेलं पाणी सिमेंटमागे कोंडतं, क्षार वर येतात, रंगाला फोड धरतात, पापुद्रे सुटतात. लोक म्हणतात रंग हलका निघाला. की पुढच्या खेपेला आणखी महागडा वॉटरप्रूफ रंग, म्हणजे पाणी आणखी घट्ट कोंडलं.

खिडक्यांचंही तेच. लाकडी पट्ट्यांच्या खाचेत बसवलेले पातळ शिंपले, एक फुटला तर तेवढाच बदलायचा. ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येतं. ते काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवतात आणि आत उकडतं म्हणून वर पंखे.

"पोर्तुगिजांच्या खुणा कशाला जपायच्या?" असं कुणीतरी विचारणारच. सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, हे मी नाकारत नाही. पण तळावलीचं सांत आना (संत ॲन) चर्च पाहून या. १६९५ साली पूर्ण झालेलं, दोन्ही बाजूंना उंच मनोरे, दर्शनी भिंतीवर शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे. जुलैअखेर तिथं तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं आणि मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला तवसं वाहतात. नवसाची ही रीत आपल्याला परकी वाटते का?

फाब्रिकेच्या मंडळींना एवढंच सांगणं: निविदेत एक ओळ घाला, जांभ्याच्या भिंतीला सिमेंट चालणार नाही. आणि काम फेस्ताच्या तोंडावर काढू नका. पावसाळ्यानंतर भिंत नीट सुकू दे, मगच गवंड्याला बोलवा.